सड्यावरची पातळ हवा

किशोर सानप पवनचक्कीच्या डोक्यावर लेसरच्या पेटीमागे वाकून वायरी तपासत होता. तो उठून उभा राहिला आणि लगेच परत खाली बसला. सोबतच्या माणसाला वाटलं, उंचीमुळे चक्कर आली असेल. तो हसून म्हणाला, "सकाळी खाल्लं नाहीस का रे?" मग त्याने पेटीखाली वाहत आलेलं रक्त पाहिलं.

गोळी किशोरच्या छातीतून आरपार गेली होती. मागच्या लोखंडावर आपटून तिचा चुरा झाला होता. कुठल्या बंदुकीतून सुटली हे त्या चुऱ्यावरून जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला सांगता आलं नसतं. पण पोलिसांना त्याची चिंता नव्हती. त्यांच्याकडे 'माग' होता.

कोयनेच्या खोऱ्याच्या वर वाघजाईचा सडा आहे. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं कातळाचं पठार. पूर्वी तिथे गवळी धनगरांच्या म्हशी चरायच्या. मग पवनचक्क्या आल्या, कुंपणं आली. मग प्रत्येक चक्कीच्या डोक्यावर लेसरची पेटी आली. ती समोरच्या वाऱ्यावर प्रकाश सोडते आणि हवेतल्या धुळीच्या कणांवर आपटून परत आलेला प्रकाश वाचते. वारा कुठून येतोय, किती जोरात येतोय, हे चक्कीला आधी कळावं म्हणून ती बसवली होती. पण तिला जे दिसतं ते सगळंच ती लिहून ठेवते. कुंपणाच्या आत म्हैस शिरली तरी आणि कुणी बार काढला तरी.

गोळी हवेतून जाते तेव्हा होडीमागे पाण्यात उमटते तशी रेघ तिच्यामागे हवेत उमटते. डोळ्याला ती दिसत नाही, पण पेटीला दिसते, फक्त चक्कीजवळ आल्यावर. त्या शेवटच्या टप्प्यावरून गोळी कोणत्या दिशेने आली आणि तिच्यात किती वेग उरला होता, हे कळतं. तिथून पुढे 'माग' नावाचं यंत्र उलटं गणित करतं. वरच्या वाड्यांतल्या सगळ्या रायफली एकाच बनावटीच्या, त्यामुळे तोंडातून गोळी किती वेगाने निघते ते माहीत असतं. वाटेत हवेने तो वेग किती खाल्ला तेही कळतं. मग इतका वेग खायला हवेला किती अंतर लागलं, एवढंच काढायचं राहतं.

आणि ते हवेच्या घनतेवर ठरतं. दाट हवेत गोळी लवकर थकते, पातळ हवेत लांब जाते. थंड हवा दाट, तापलेली पातळ. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही, पण ते खरं आहे. सगळ्यांत मोठा वाटा हवेच्या दाबाचा.

किशोर गेला त्याच दिवशी दुपारी तालुक्याच्या गावच्या माग केंद्रात हर्षला शेडगेने हे गणित चालवलं. पडद्यावर सड्याचा नकाशा आला. चक्कीच्या डोक्यावरून एक लाल रेषा मागे सरकत गेली आणि साडेसातशे मीटरवर थांबली. तिथे बिरू येडगेचा गोठा होता.

बिरूला तासाभरात उचलला. कुंपणावरून त्याचं आणि किशोरचं महिन्यापूर्वी भांडण झालेलं होतं, ते चार माणसांनी ऐकलेलं होतं. रानडुकरांचा त्रास वाढल्यावर सरकारने वरच्या वाड्यांना रायफली वाटल्या, त्यातली एक त्याच्याकडे होती. आणखी काय पाहिजे? पोलिसांनी धनगराच्या घरातली पिठाची डेचकी सुद्धा उलटी केली. तसलीच रायफल सुभेदार शेडग्यांकडेही होती. तिथे पोलीस गेले, चहा प्याले आणि परत आले.

सुभेदार शेडगे म्हणजे हर्षलाचे वडील.

*

साक्षीच्या दोन दिवस आधी हर्षला घरी, तांबडवाडीला आली होती. तांबडवाडी सड्याच्या कडेलाच आहे. घरटी एक माणूस फौजेत गेलेला. यशवंत शेडगे त्यांच्यात सगळ्यांत नावाजलेले. फौजेत त्यांनी नेमबाजी शिकवली, निवृत्त झाल्यावर गावात भरतीच्या पोरापोरींना शिकवली, आणि सरकारने रायफली वाटल्यावर धनगरवाड्यालाही शिकवली. बिरू त्यांचाच चेला.

आप्पांना, म्हणजे सुभेदारांना, दुसऱ्याची चूक दिसली की राहवत नसे. पोस्टमनची पिशवी कुठल्या खांद्यावर आहे इथपासून सरपंचाने झेंड्याला सलामी कशी दिली इथपर्यंत ते बोलायचे. पत्नी गेल्यापासून तर घरात ऐकणारी एकटी हर्षलाच.

"वकीलबाई उलटतपासणी कशी होईल ते सांगत होत्या," हर्षला जेवताना म्हणाली. "हवेचं विचारतील म्हणाल्या. सोप्या शब्दांत सांगता आलं पाहिजे."

"सांग की मग. मी जज्ज."

तिने सांगितलं. शेवटचा वेग, दिशा, तापमान, दमटपणा. आप्पा भाकरी मोडत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "हात हलवू नको. साक्षीदारानं हात हलवला की खोटा वाटतो."

"बरं."

"तापमान कुठलं घेतलंस?"

"चक्कीवरच्या मापकाचं."

"आणि दाब?"

"एक हजार तेरा. वेधशाळेचा."

आप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं. मग घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि पाणी प्याले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चांगलं सांगतेस."

हर्षलाला बरं वाटलं. आणि ताटं उचलताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं का वाटलं. एकोणतीस वर्षांत आप्पांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. दहावीला ती तालुक्यात पहिली आली तेव्हा ते म्हणाले होते, भूगोलात कमी का? आज मात्र त्यांनी पुढचं काहीच विचारलं नाही. हात धुऊन ते ओट्यावर जाऊन बसले. रेडिओही लावला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर सगुणा भेटली. बिरूची बायको. डोक्यावर खव्याची पाटी होती. म्हशी अर्ध्या विकल्या होत्या, उरलेल्यांचं दूध आटवून ती खाली बाजारात नेत होती. हर्षलाला पाहून वाट बदलेल असं वाटलं होतं. ती बदलली नाही, उलट शेजारी येऊन उभी राहिली.

"कशी हायस वहिनी?" हर्षलाने विचारलं.

"तूच सांग. तुज्या मशीनला विचारून सांग."

हर्षलाने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. एसटी अजून दिसत नव्हती.

"लहानपणी आमच्या गोठ्यात येऊन खरवस खाऊन जायचीस," सगुणा म्हणाली. "बिरूदादा, बिरूदादा करत. आता त्येच्या दारात रेघ मारलीस ती मारलीस. आमी काय म्हणनार? शिकल्याली मानसं तुमी."

"वहिनी, मी रेघ नाही मारली. गणित येतं तसं..."

"मला नगं गनित. मला एवढंच सांग. मी आन् ते, दोघं त्या टायमाला गोठ्यात व्हतो. रेडकू आडलं व्हतं. त्येंचं दोन्ही हात रेडकाला. आन् डोक्यावरनं चाबूक मारल्यागत आवाज गेला. सट्ट. आन् लगोलग मागनं, वरल्या अंगानं, बार झाला. मी पोलिसास्नी सांगितलं तर त्ये म्हणलं, बाई, बंदूक नवऱ्याच्या हातात आसल तर आवाज मागनं कसा यील? मी म्हणलं, त्येच तर सांगतीया तुमास्नी. त्ये हसाया लागलं."

एसटी आली. सगुणा चढली. हर्षला चढली नाही.

आधी चाबूक, मग बार. हे सगुणाला कुणी पढवून सांगितलं असतं तरी असं सांगता आलं नसतं. गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. ती डोक्यावरून जाताना हवा फाटल्याचा आवाज आधी येतो, आणि बंदुकीचा बार मागून चालत येतो. म्हणजे बंदूक गोठ्यात नव्हती. गोठ्याच्या मागे होती. रेघ तीच, दिशा तीच, फक्त अंतर जास्त.

आणि अंतर जास्त निघायला हवा पातळ लागते.

तिने पुढची गाडी धरली आणि केंद्रात गेली. रविवार होता, केंद्र बंद. किल्ली तिच्याकडेच असायची.

त्या दिवसाची नोंद तिने उघडली. दाबाच्या रकान्यात चक्कीवरच्या मापकाचा आकडा होता: आठशे नव्वद. त्याच्याभोवती लाल चौकट होती आणि खाली लिहिलं होतं, 'मर्यादेबाहेर. मापक तपासा.' हर्षलाला आठवलं. तिने चौकट पाहिली होती, मापक बिघडलाय असं धरलं होतं, आणि त्याजागी वेधशाळेचा आकडा घातला होता. हिरवी खूण आली होती. सगळे हिरव्या खुणेची वाट बघत मागे उभे होते.

मापक बिघडलेला नव्हता. सड्यावर दाब तेवढाच असतो.

वेधशाळा प्रत्येक गावचा दाब सांगताना तो समुद्राच्या पातळीला आणून सांगते. गाव डोंगरावर असो की खाडीकाठी, सगळ्यांना कागदावर समुद्रकिनारी बसवायचं, म्हणजे एका गावाची दुसऱ्याशी तुलना करता येते. वादळ कुठे होणार हे बघायला ते ठीक आहे. पण गोळीला कागदावरचा समुद्र कळत नाही. ती ज्या हवेतून जाते तीच तिला कळते. 'माग' यंत्र कोकणात एका किनाऱ्यावरच्या मैदानात तपासून पास केलेलं होतं. तिथे हे दोन आकडे जवळजवळ सारखेच येतात, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिथे खुर्ची टाकून ज्यांनी मर्यादा ठरवल्या, त्यांच्या डोक्यात माणसं अकराशे मीटरवर राहतात हेच नव्हतं. डोंगरावरची खरी हवा त्यांच्या यंत्राला बिघाड वाटली. नवल नाही. डोंगरावरचं सगळंच खालच्यांना आधी बिघाड वाटतं.

पण चौकट खोडली हर्षलाने. ती डोंगरावरचीच होती.

तिने आठशे नव्वद घातलं आणि गणित पुन्हा चालवलं. रेषा मागे सरकली. गोठ्यापाशी आली, थांबली नाही. गोठा ओलांडून चढाला लागली आणि साडेआठशे मीटरला टेकली. तिथे एक दगडी कट्टा होता. त्या कट्ट्याचं नाव नकाशात नसलं तरी सगळ्या तांबडवाडीला माहीत होतं. सुभेदाराचा कट्टा. तिथे बसून आप्पा पोरांचा नेम बघायचे. चष्मा लागून हर्षलाची भरती हुकली ती बातमीसुद्धा तिने त्यांना तिथेच सांगितली होती. ते दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगचा फॉर्म घेऊन आले होते.

तिने पडदा बंद केला. मग पुन्हा लावला. रेषा तिथेच होती.

*

आप्पा परसात बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी रविवारचं पॉलिश चुकायचं नाही.

"आप्पा, सड्यावर दाब आठशे नव्वद असतो."

ब्रश थांबला नाही. "माहीत आहे."

"काल तुम्ही 'बरोबर आहे' म्हणालात."

"म्हणालो."

"का?"

त्यांनी बूट उजेडाकडे धरून पाहिला. "तू चुकली असतीस तर कोर्टात सगळ्यांसमोर चुकली असतीस. नोकरी गेली असती. बापानं पोरीची नोकरी घालवायची का?"

"माझी नोकरी पुढे करू नका. कट्ट्यावरून गोळी कुणी मारली?"

आप्पांनी बूट खाली ठेवला, दुसरा घेतला. टाचेपासून पॉलिश सुरू केलं. बोलले तेव्हा शिकवणीच्या आवाजात बोलले, जसं एखाद्या पोराचं चुकलेलं टारगेट समजावून सांगत असावेत.

"मी पेटीवर मारली. माणसावर नाही. त्या पेटीनं माझं काय केलं तुला माहीत आहे. कुंपणाच्या आत डुक्कर मारलं म्हणून चुगली केली. कालचं पोरगं, पोलिसात साहेब झालेलं, मला फोनवर म्हणतं, आजोबा, रायफल महिनाअखेर जमा करा, तुमचं वय झालं. माझं वय. पेटीची काच फोडायची होती. फक्त काच. नेम बरोबर होता. तो मागनं उठला."

"मग गोळी तुम्ही मारली."

"मी माणूस मारला नाही."

"माणूस मेला, आप्पा."

"उठला तो. मागनं उठला. दिसत नव्हता." त्यांचा ब्रश जोरात चालू लागला. "मी माणसावर नेम धरला असता तर मला त्याचं तोंड आठवलं असतं. मला त्याचं तोंडच माहीत नाही."

"आणि बिरूदादा?"

"बिरू काय. शाबीत होणार नाही. झालंच तर थोडे दिवस. धनगर आहे, त्याला रानात काय आणि आत काय."

हर्षलाने हे वाक्य ऐकलं आणि तिला वाटलं, आपल्या कानफटात कुणीतरी मारली. हाच माणूस पंचवीस वर्षं गावाला सांगत आला होता की फौजेत जात नसते. बिरूला त्याने शेजारी बसवून जेवायला घातलं होतं. तिच्यादेखत. आणि आज तोंडातून काय निघालं, तर हे. माणूस उघडा पडायला फार लागत नाही. त्याच्यावर येऊन पडावं लागतं, एवढंच.

"रेडकू अडलं होतं त्याच्या गोठ्यात," ती म्हणाली. "त्याचे दोन्ही हात रेडकाला होते."

"मग सुटेल."

"कसं सुटेल? मीच अडकवलाय त्याला."

आप्पांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. म्हातारे दिसत होते. बुटांवर तेवढी चमक होती.

"मी काही सांगायला जाणार नाही," ते म्हणाले. "तू सांगायचं तर सांग. तुला अडवणार नाही. पण मला जा म्हणू नको. मला खाली मान घालून त्या पोरासमोर उभं राहता येणार नाही."

"कुठल्या पोरासमोर?"

"साहेबासमोर," आप्पा म्हणाले. "आजोबा म्हणणाऱ्या."

माणूस मारल्याची लाज नव्हती. आजोबा म्हणवून घ्यायची लाज होती. हर्षला आत निघून गेली.

*

कोर्टात उकडत होतं. पंखा होता, पण तो जज्जसाहेबांच्या डोक्यावरच फिरत होता. बिरू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, अंगावर कुणाचातरी मोठा शर्ट. त्याने हर्षलाकडे पाहून सवयीने मान हलवली, जशी रस्त्यात भेटल्यावर हलवायचा.

मागच्या बाकावर सगुणा होती. तिच्या दोन हात पलीकडे भानुदास सानप. किशोरचा बाप. पाथर्डीकडून दर तारखेला यायचा. टेम्पो चालवायचा तो धंदा बंद ठेवून यायचा आणि कुणाशी न बोलता बसायचा.

सरकारी वकील निंबाळकर मॅडम उठल्या. "शेडगे मॅडम, आपण चालवलेल्या गणितानुसार गोळी कुठून सुटली?"

"ते गणित चुकीचं आहे," हर्षला म्हणाली.

निंबाळकर मॅडमनी कागद खाली ठेवला.

हर्षलाने हात न हलवता सगळं सांगितलं. लाल चौकट. आठशे नव्वद. वेधशाळेचा आकडा. समुद्रकिनारी बसवलेली गावं. चौकट तिने स्वतः खोडली, तेही. बिरूचा वकील सरकारने फुकट दिलेला तरुण मुलगा होता. तो इतका चकित झाला की प्रश्न विचारायचा त्याला सुचेना. जज्जसाहेबांनीच विचारलं.

"म्हणजे योग्य आकडा घातला तर गोळी आरोपीच्या गोठ्यातून सुटली नाही?"

"नाही साहेब. त्याच रेषेवर आणखी मागून."

"कुठून?"

कोर्टात कुणीतरी खोकलं. हर्षलाच्या डोळ्यांपुढे कट्टा आला. त्यावर बसलेला माणूस आला. इंजिनिअरिंगचा फॉर्म आला. आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिने आदल्या रात्रभर घोटून ठेवलं होतं.

"साहेब, हे यंत्र समुद्रकाठी तपासलेलं आहे. सड्यावर ते जे ठिकाण दाखवेल, ते मी शपथेवर खरं म्हणू शकत नाही."

एकेक शब्द खरा होता. आणि सगळं मिळून खोटं होतं. जज्जसाहेबांनी मान डोलावली. त्यांना ते प्रामाणिकपणाचं वाटलं. निंबाळकर मॅडमना वाटलं, बाई निदान भरकटली नाही. अशा वाक्यांना कोर्टात फार मान असतो.

पुढच्या तारखेला बिरू संशयाचा फायदा मिळून सुटला. यंत्राच्या मर्यादा बदलल्याचं एक पत्रक निघालं, त्यात कुणाचंच नाव नव्हतं. हर्षलाला निलंबित केलं, त्या पत्रात मात्र तिचं नाव ठळक होतं. पोलिसांनी तपास चालू आहे म्हणून सांगितलं. रेषेवर आणखी मागे काय आहे, हे बघायला कुणी वर चढून गेलं नाही. यंत्र नाही म्हणालं होतं ना. यंत्राने नाही म्हटलं की माणसाला पायांनी चालत जाऊन बघता येतं, हे लोक विसरूनच गेले आहेत.

सगळ्यांचं निभावलं. बिरू घरी गेला. आप्पा घरी होतेच. बिरूने कोर्टाच्या दारात हर्षलाला हात जोडले. सगुणाने जोडले नाहीत. ती म्हणाली, "म्हशी परत येत न्हाईत गं आता." आणि नवऱ्याला घेऊन एसटीकडे चालू लागली.

भानुदास सानप जिन्याखाली उभा होता. हातात पिशवी. हर्षला जवळून जाऊ लागली तसा तो पुढे आला.

"ताई, एक इचारू का? राग धरू नका."

"विचारा."

"त्यो येडगे सुटला ते बरं झालं. त्याच्या बायकूला मी बघत होतो. ती बाई खोटी वाटत न्हवती." तो थांबला. "पण मग आमच्या किशोरला मारलं कुणी?"

हर्षलाजवळ कोर्टात घोटून आणलेलं वाक्य होतं. ते या माणसासमोर काही केल्या तोंडातून निघेना.

"मला कुणाला फाशी द्यायची न्हाई ताई. मी काय करणार त्याला धरून? मला फक्त ती जागा बघायची. जिथनं गोळी आली ती. तेवढी दाखवा. मी कोर्टात काय बोलणार न्हाई. पोरगं उंचावर गेलं, कुणी मारलं कळलं न्हाई, असं आईला सांगता येत न्हाई. ती मला रोज इचारती."

आजूबाजूला वकील, पक्षकार, चहावाला. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं, कुणाला कळलंही नसतं. हीच गोष्ट तिला सगळ्यांत भयंकर वाटली. जे खरं होतं ते आता फक्त तिला आणि आप्पांना माहीत होतं. अजून थोडे महिने गेले असते, तर त्यांनाही नीट आठवलं नसतं.

"चला," ती म्हणाली.

*

एसटीने ते तांबडवाडीच्या फाट्याला उतरले. दुपारचं ऊन होतं. सड्याच्या वाटेवर भानुदास दम खात खात चढत होता. इथे येणाऱ्या प्रत्येकाला दम लागतो. हवाच कमी असते.

"किशोर फोनवर सांगायचा," तो वाटेत म्हणाला. "वरून सगळं खेळण्यातल्यासारखं दिसतं म्हणायचा. माणसं लहान दिसत्यात म्हणायचा. घाबरायचा न्हाई. लहानपणीच झाडावर चढून बसायचा."

बिरूच्या गोठ्याच्या खालून ते गेले. आधीच्या गाडीने पोहोचलेली सगुणा शेण काढत होती. तिने मान वर करून दोघांकडे पाहिलं, वर कट्ट्याकडे पाहिलं, आणि पाटी तिथेच ठेवून उभी राहिली.

कट्ट्यावर आप्पा बसले होते. हर्षलाची साक्ष झाल्यापासून रोज दुपारी ते तिथे येऊन बसायचे. समोर, दरीच्या पलीकडच्या उतारावर, पवनचक्की फिरत होती. तिच्या डोक्यावर नवी पेटी बसवली होती. काच उन्हात लकाकत होती.

हर्षलाबरोबर परका माणूस दिसला तसे आप्पा उठले. शर्टाची बटणं लावली.

"कोण पाहुणे?"

"हे भानुदास सानप," हर्षला म्हणाली. "किशोरचे वडील."

आप्पा जागच्या जागी उभे राहिले. भानुदासाने हात जोडले.

"तुम्ही इथलेच का?" त्याने विचारलं. "मला ती जागा बघायचीय. ताई दाखवते म्हणाल्या."

"हीच जागा," हर्षला म्हणाली. आणि मग घाईने पुढचंही बोलून टाकलं. "आणि हे माझे वडील. बाकीचं यांना विचारा."

भानुदासाने तिच्याकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं ओसरत गेलं. त्याने पिशवी जमिनीवर ठेवली. तो नुसता बघत राहिला. आप्पांनी चक्कीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. कदाचित त्यांना वाटलं असेल की ती आता सांभाळून घेईल, कोर्टातल्यासारखं एखादं वाक्य टाकेल. तिने टाकलं नाही.

"बसा," आप्पा भानुदासाला म्हणाले.

भानुदास कट्ट्यावर बसला. आप्पा त्याच्यासमोर खाली कातळावर बसले. मांडी घालताना त्यांना गुडघ्यांवर हात टेकावे लागले.

"हर्षला, तू घरी जा."

"नाही आप्पा. मी ऐकणार आहे."

खालून सगुणा चढाला लागलेली दिसत होती. तिच्यामागे बिरू. त्यांना पोहोचायला अजून वेळ होता. आप्पांनी त्यांनाही पाहिलं. मग समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट, ओळख पटवून घ्यावी तसं.

"त्या दिवशी वारा नव्हता," ते म्हणाले.